विटाळ की मिथ्याचार?

पंचशीलातील तिसऱ्या शीलाचे विवरण करताना काही प्रवचनांतून 'अपवित्र', 'बाटलेली', 'विटाळ' असे शब्द सहजपणे येऊन जातात. सिद्धगडाच्या पायथ्याकडील मुरबाड-शहापूरच्या खेड्यांत, महाराष्ट्राच्या इतर भागांप्रमाणेच, हे शब्द बोलीत रुळलेले असल्यामुळे ते कोणास खटकत नाहीत. आमच्या मते मात्र या शब्दांनी शीलाचा अर्थच पालटतो.

'विटाळ' या शब्दाची परंपरा पाहावी. १२ व्या शतकातील वैयाकरण हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या अपभ्रंश विभागात 'विट्टाल' हा शब्द नोंदविला असून त्याचा अर्थ 'अस्पृश्याचा संसर्ग' असा दिला आहे. मराठीत तोच शब्द मासिक पाळीलाही लागला आणि पाळी आलेली स्त्री 'विटाळशी' ठरली. दोघांनी केलेले काहीच नसता दोघांच्याही देहावर एकच शिक्का बसला. २०१८ सालच्या शबरीमला खटल्यातील आपल्या स्वतंत्र निकालपत्रात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी पाळीवरून स्त्रीस दूर ठेवण्याचा संबंध अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या १७ व्या अनुच्छेदाशी जोडला, तो याच कारणाने. 'बाटणे' या क्रियापदाची गोष्टही निराळी नाही. धर्मांतर करणारा 'बाटगा' आणि अत्याचार झालेली स्त्री 'बाटलेली'. दुष्कृत्य एकाचे, डाग मात्र दुसऱ्याच्या अंगावर!

पालीतील शब्द आहे 'कामेसु मिच्छाचार'. मिच्छा म्हणजे चुकीचा, आचार म्हणजे वर्तन. येथे दोष देहाचा नसून वर्तनाचा, म्हणून तसे वर्तन करणाऱ्याचा आहे. सुत्तनिपातातील वसलसुत्तात नातलगाच्या वा मित्राच्या पत्नीशी, बळाने असो वा संमतीने, संबंध ठेवणाऱ्यास 'वसल' म्हटले आहे. आणि जन्माने कोणी वसल होत नाही, हेही तेच सुत्त सांगते.

यावर कोणी धम्मपदातील मलवग्गाकडे बोट दाखवील. तेथे २४२ व्या गाथेत दुराचार हा स्त्रीचा मल म्हटला आहे. दुराचार सांगताना एकट्या स्त्रीचेच नाव यावे, हे आम्हांसही खटकते. ते झाकण्याचे कारण नाही. परंतु तेथेही मल आचरणाचा आहे, रक्ताचा किंवा स्पर्शाचा नव्हे. पुढील गाथा अविद्येला सर्वांत मोठा मल म्हणते, आणि चांदीचा मळ काढावा तसा आपला मल आपणच क्रमाक्रमाने काढावा, असे त्याच वग्गात सांगितले आहे. मल ज्याचा त्याने काढावयाचा असतो. विटाळाची मुदत मात्र दुसरे ठरवितात. अस्पृश्यांच्या बाबतीत तर ती जन्मभराची होती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती प्रत्येकाने स्वतःच्या आचरणाविषयी घ्यावयाची आहे. दुसऱ्याच्या देहाची शुद्धाशुद्धता तपासण्यासाठी ती नाही. म्हणून प्रवचनकारांनी 'मिथ्याचार', 'गैरवर्तन', 'अत्याचार' हे सरळ शब्द वापरावेत. पीडित भगिनी विहारात येईल तेव्हा शील तिचे नव्हे, अत्याचार करणाऱ्याचे भंगले आहे, हे आपल्या भाषेतून तिला ऐकू आले पाहिजे.