अमृता शेरगिल, मॉडेल आणि अजिंठा

छत्रपति संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यांतील अजिंठ्याच्या लेण्यांनीं अमृता शेरगिल यांच्या रंगरेषा बदलल्या, असें नेहमीं म्हटलें जातें. तें खरें आहे. परंतु समोर बसणाऱ्या माणसाकडे पाहण्याची त्यांची दृष्टि बदलली, ही गोष्ट आमच्या मतें अधिक महत्त्वाची आहे.

पॅरिसमध्यें १९३३ सालीं काढलेल्या ‘प्रोफेशनल मॉडेल’ या चित्रांत पैशासाठीं बसणारी, थकलेली विवस्त्र स्त्री आहे. तिला अप्सरेचें रूप देण्याचें बाईंनीं नाकारलें. १९३४ च्या अखेरीस स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं १९३५ मध्यें पहाडी स्त्रीपुरुषांचीं चित्रें काढलीं. त्यांतील विषाद मनाला भिडतो; तरी तो त्या माणसांचा किती आणि पाहणारीचा किती, अशी शंका राहते.

१९३६ च्या अखेरीस त्या अजिंठ्यास आल्या. तेथील बहुतेक माणसें प्रेक्षकासाठीं बसलेलीं नाहींत. तीं एकमेकांत गुंतलेलीं आहेत. १९३७ च्या ‘ब्राइड्स टॉयलेट’मधील नवरी व तिच्या भोंवतालच्या बायकाही तशाच.

यांत चेहरे एकसारखे होऊन व्यक्ति हरपली, असा आक्षेप घेतां येईल. आणि तो खोटा नव्हे. पॅरिसच्या त्या मॉडेलचा थकवा तिचा एकटीचा होता. नवरीचा भाव तसा नाहीं. पण नवरी आपल्या माणसांत आहे, भाड्यानें बसलेली नाहीं. हा सौदा तोट्याचा झाला, असें आम्हांस वाटत नाहीं. अजिंठ्यास जाणाऱ्या वाचकांनीं भिंतीवरील माणसें कोणाकडे पाहतात, एवढें अवश्य पाहावें.