आघातोत्तर ताणविकृतीची शारीरिक गमके : एक चिकित्सा

रणांगणावरून परतलेल्या सैनिकाच्या मनोव्यथेचा पुरावा त्याच्या शरीरात शोधण्याची आकांक्षा जुनी आहे. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय वाङ्मयात आणली. तेव्हाही इजा मज्जासंस्थेची की मनाची, हाच वाद होता. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात ‘आघातोत्तर ताणविकृती’स स्थान मिळाले, ते मात्र रुग्णाने कथन केलेल्या लक्षणांच्या आधारे. त्यापुढील गमकसंशोधन या कथनाहून अधिक भक्कम आधार शोधीत आले आहे. तो त्यास लाभला काय, हा खरा प्रश्न होय.

प्रथम कॉर्टिसॉलचे उदाहरण घेऊ. १९८६ मध्ये जॉन मेसन व त्यांचे सहकारी यांना या विकृतीने पीडित माजी सैनिकांच्या मूत्रातील कॉर्टिसॉल इतर काही मनोरुग्णांपेक्षा कमी आढळले. १९९० मध्ये पिटमन व ऑर यांना पीडित सैनिकांत ते निरोगी युद्धानुभवी सैनिकांपेक्षा अधिक आढळले. तुलनेचा गट बदलताच निष्कर्षाचे स्वरूप बदलावे, हे गमकाच्या स्थैर्याविषयी शंका उत्पन्न करणारे आहे.

मेंदूतील हिप्पोकॅम्पसची कथा अधिक उद्बोधक आहे. १९९५ मध्ये ब्रेम्नर प्रभृतींनी व्हिएतनाम युद्धातील पीडित सैनिकांत त्याचा उजवा भाग सुमारे ८ टक्के लहान असल्याचे दाखविले. हा आघाताचा परिणाम, असे सहज वाटावे. परंतु २००२ मध्ये गिल्बर्टसन प्रभृतींनी एकबीज जुळ्या भावांचा अभ्यास केला, तेव्हा युद्धावर न गेलेल्या भावाचा हिप्पोकॅम्पसही तितकाच लहान आढळला. म्हणजे जे जखमेचा व्रण म्हणून गणले गेले, ते अंशतः तरी पूर्वप्रवणतेचे चिन्ह असावे. रोगाचे गमक आणि रोगप्रवणतेचे गमक यांतील हा भेद पुष्कळदा दुर्लक्षिला जातो.

२०१९ मध्ये इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांत भाग घेतलेल्या पुरुष सैनिकांच्या अभ्यासातून २८ गमकांचा संच पुढे आला. त्याची अचूकता ८१ टक्के, संवेदनक्षमता ८५ टक्के व विशिष्टता ७७ टक्के होती. हे यश नाकारण्याचे कारण नाही. तथापि ते जपून वाचले पाहिजे. समजा, १००० सैनिकांत १०० पीडित आहेत. ही चाचणी त्यांतील ८५ जणांस ओळखील. परंतु उरलेल्या ९०० निरोगी सैनिकांपैकी २०७ जणांसही पीडित ठरवील. म्हणजे चाचणीने पीडित ठरविलेल्या दर दहांत सुमारे तीनच खरे पीडित असतील.

याहून मूलभूत अडचण तर्काची आहे. कोणता सैनिक पीडित व कोणता निरोगी, हे या अभ्यासांत मुलाखतीनेच ठरविलेले असते. ज्या मापाने गमक पारखले गेले, त्याच मापास अविश्वसनीय ठरविण्याचा अधिकार त्या गमकास कसा प्राप्त होईल?

हा प्रश्न केवळ शास्त्रीय नव्हे. निवृत्तिवेतन व उपचार यांवरील सैनिकाचा हक्क निदानावर अवलंबून असतो. रक्तातील आकडा अनुकूल नाही, एवढ्यावरून त्याचे कथन खोटे मानले गेल्यास विज्ञानाच्या नावाने अन्याय घडेल. विकृतीची प्रक्रिया उलगडणे व उपचारांची दिशा सुचविणे, हे गमकांचे उचित कार्य होय. साक्षीदाराच्या जागी बसणे नव्हे.