सांडपाण्यातील स्फुरदाची पुनर्प्राप्ती आणि जालन्याची धातुमळी : एक चिकित्सा

टाकाऊ पदार्थांच्या साहाय्याने सांडपाण्यातील स्फुरद काढून घेणे, हा महाविद्यालयीन लघुसंशोधन प्रकल्पांचा एक आवडता विषय आहे. अंड्याची टरफले, विटांचा चुरा, राख, फळांच्या साली आणि पोलाद उद्योगातील धातुमळी अर्थात स्लॅग ही त्यातील नेहमीची सामग्री होय. जालन्यात स्लॅगचा विचार प्रथम सुचणे स्वाभाविक आहे. येथे भंगार वितळवून सळया तयार करणाऱ्या भट्ट्या व रोलिंग मिल मोठ्या संख्येने आहेत. परंतु या विचारामागे एक गृहीतक दडलेले असते. पोलादाची स्लॅग सर्वत्र एकच असते आणि परदेशी निबंधांत नोंदलेले तिचे गुण येथील स्लॅगलाही लागू पडतात, हे ते गृहीतक. प्रस्तुत लेखात त्याचीच चिकित्सा करावयाची आहे.

विषयाच्या महत्त्वाबद्दल दुमत नाही. स्फुरदयुक्त खतांसाठी लागणारे खनिज व फॉस्फोरिक आम्ल यांच्या बाबतीत भारत मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे. माणशी दररोज सुमारे दीड ग्रॅम स्फुरद मलमूत्रावाटे बाहेर पडते असे धरल्यास, २०११ च्या जनगणनेतील जालना शहराच्या सुमारे २ लाख ८५ हजार लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १५६ टन स्फुरद होते. डीएपी खताच्या हिशेबात ५० किलोच्या १५ हजारांहून अधिक गोण्या! शहरातून वाहणाऱ्या कुंडलिका नदीकडे या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते.

आता स्लॅगकडे वळू. ज्या निबंधांचा आधार घेतला जातो, त्यांतील स्लॅग बहुधा ऑक्सिजन भट्टीची किंवा आर्क भट्टीची असते. या भट्ट्यांत अशुद्धी काढण्यासाठी चुना मुद्दाम टाकतात. ऑक्सिजन भट्टीच्या स्लॅगमध्ये त्याचे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात असते. हा चुना पाण्यात उतरला की सामू वाढतो आणि कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो. म्हणजे स्फुरद पकडण्याचे काम मुख्यतः चुना करतो. जालन्यातील भट्ट्या मात्र प्रामुख्याने इंडक्शन प्रकारच्या आहेत. त्यांचे अस्तर सामान्यतः सिलिकेचे, म्हणजे आम्लधर्मी असते. चुना टाकल्यास अस्तरच झिजते. परिणामी येथील स्लॅगमध्ये सिलिका आणि लोह-मँगनीजची ऑक्साइडे यांचे प्राबल्य असते व चुना अल्प असतो. अशा भट्टीत भंगारातील स्फुरद कमी करता येत नाही, ही या व्यवसायातील परिचित अडचण आहे. वितळलेल्या धातूतील व पाण्यातील क्रिया भिन्न आहेत हे खरे. पण उणीव दोन्हीकडे चुन्याचीच आहे. जी मळी भट्टीत स्फुरद धरू शकली नाही, तिच्याकडून सांडपाण्यात त्याच कामाची अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो?

इतिहासही हेच सांगतो. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस भट्टीचे अस्तर अल्कधर्मी केले, तेव्हाच लोखंडातील स्फुरद स्लॅगमध्ये उतरू लागले. ती स्लॅग दळून युरोपातील शेतांत खत म्हणून वापरली गेली. अस्तर बदलले नसते तर ते खत मिळाले नसते.

रोलिंग मिलमधील लोह-ऑक्साइडाची खपली, म्हणजे मिल स्केल, हा पर्याय तुलनेने आशादायक वाटतो, कारण लोहाच्या ऑक्साइडांवर फॉस्फेट चिकटते. तथापि ती घट्ट असून तिचा उपलब्ध पृष्ठभाग कमी असतो, तिला तेल लागलेले असते आणि तिला बाजारात गिऱ्हाईकही आहे. भाव मिळणाऱ्या वस्तूस टाकाऊ म्हणणे कितपत योग्य? मोसंबीच्या सालीबाबत तर अधिक सावध राहावयास हवे. सालीचा पृष्ठभाग ऋणभारित असल्याने ती फॉस्फेटला स्वतःहून धरत नाही. संत्र्याच्या चोथ्यावर झिर्कोनियमसारखा धातू चढवून जपानमध्ये चांगले निष्कर्ष मिळाले. पण मग पदार्थ स्वस्त राहिला कोठे?

प्रयोगपद्धतीतही एक खोट वारंवार आढळते. ऊर्ध्वपातित पाण्यात पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट विरघळवून लिटरला ५० किंवा १०० मिलिग्रॅमचे द्रावण करावयाचे आणि नव्वद टक्के निष्कासन जाहीर करावयाचे, ही रूढ रीत. घरगुती सांडपाण्यात स्फुरद साधारणतः ५ ते १० मिलिग्रॅम असते. शिवाय बायकार्बोनेट व सेंद्रिय द्रव्य स्पर्धेस उभे असतात. मुळात निष्कासन म्हणजे पुनर्प्राप्ती नव्हे. पकडलेले स्फुरद पिकाला मिळाले पाहिजे. जालन्याच्या काळ्या, चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमिनीत कॅल्शियम फॉस्फेट अत्यंत मंद विरघळते. रॉक फॉस्फेटची शिफारस आम्लधर्मी जमिनींसाठी होते ती याच कारणाने. म्हणजे बाहेरून चुना आणून स्लॅगची उणीव भरून काढली, तरी शेतात तोच चुना आड येणार. त्या तुलनेत मॅग्नेशियम व अमोनियम यांच्यासह मिळणारे स्ट्रुव्हाइट उजवे ठरण्याचा संभव आहे. पण विरळ सांडपाण्यातून ते सुटे करणे कठीण, वेगळ्या साठवलेल्या मूत्रातून सोपे.

यास्तव, स्लॅगवरील पुढील प्रकल्पांत भट्टीचा प्रकार, चुन्याचे विश्लेषित प्रमाण आणि भंगारातून आलेल्या क्रोमियम, शिसे, जस्त यांची निक्षालन चाचणी या नोंदी निष्कासनाच्या टक्केवारीआधी द्याव्यात. द्रावणाऐवजी कुंडलिकेचे पाणी वापरावे, आणि शेवटचा प्रयोग परीक्षानळीत न करता येथल्याच मातीने भरलेल्या कुंडीत करावा.