सकाळचे मासे, संध्याकाळचे मासे

समीक्षा फक्त पुस्तकांचीच करावी असा काही नियम नाही. मागच्या जानेवारीत मुलगा, सून आणि अकरा वर्षांचा नातू यांच्याबरोबर मालदीवच्या एका बेटावर पाच दिवस राहून आले. तिथं खोलीतल्या टेबलावर एक जाड, गुळगुळीत कार्ड होतं. दिवसभरात पाहुण्यांनी काय काय करावं याची यादी. ते मी इतक्यांदा वाचलं की आता पाठ झालंय, आणि त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही.

सकाळी नऊला स्नॉर्केलिंग : प्रवाळांच्या बागेतल्या रंगीत माशांना भेटा. अकराला डायव्हिंगचा पहिला धडा. संध्याकाळी साडेपाचला सूर्यास्ताची मासेमारी : तुम्ही पकडा, आमचे आचारी शिजवतील. तिन्हींची अक्षरं सारखी, तिन्हींपुढं एकेक हसरं चित्र. नऊ वाजता ज्यांना भेटायचं त्यांनाच साडेपाचला पकडायचं; मधल्या साडेआठ तासांत नेमकं काय बदललं ते कार्ड सांगत नाही. तळाला बारीक अक्षरांत सूचना : प्रवाळाला हात लावू नये, शिंपले उचलू नयेत. म्हणजे शिंपला उचलला तर दंड, मासा उचलला तर फोटो.

आधी स्नॉर्केलिंगचं सांगते, कारण त्यात मी स्वतः होते. "आई, तुम्ही येता काय?" सुनेनं भीतभीत विचारलं. तिला वाटलं मी नको म्हणणार. पण मी आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेली. "येते की," म्हटलं. अंगभर झाकणारा पोशाख तिनंच बेळगावहून निघताना बॅगेत टाकला होता. तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडायचं, डोळ्यांवर काच, पायांत बदकासारखे पंजे. नाकानं श्वास घ्यायची सवय लगेच मोडत नाही, पहिली दोन मिनिटं जीव घाबरा होतो. मग एकदम शांत होतं. आणि त्या शांततेत आवाज येतो, कुरुम कुरुम, कुणीतरी फुटाणे खात असल्यासारखा. पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाचा निळा-हिरवा मासा प्रवाळ कुरतडत असतो. बरोबरच्या मुलानं नंतर सांगितलं, त्या प्रवाळाची पूड माशाच्या पोटातून बाहेर पडते, आणि तिथली पांढरीशुभ्र वाळू बरीचशी तीच. म्हणजे ज्या वाळूवर नवी जोडपी अनवाणी फोटो काढत होती ती... जाऊ दे.

टेबलासारख्या पसरलेल्या एका प्रवाळाखाली लाल, मोठ्या डोळ्यांचे दहा-बारा मासे सावलीला गप्प उभे होते. रात्री हिंडणारे, दिवसा कपारीत बसणारे. नातवानं बोटानं खुणावलं आणि आम्ही दोघं त्यांच्यावर नुसतेच तरंगत राहिलो. त्या अर्ध्या तासाबद्दल माझी रिसॉर्टविरुद्ध काही तक्रार नाही. तक्रार माझ्याविरुद्ध आहे. काचेत पाणी शिरलं, मी दचकून पाय खाली टेकायला गेले आणि पंजाखाली काहीतरी कट्कन मोडलं. शिंगासारखी फांदी होती. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, बारीक बारीक जीवांनी बांधलेलं घर आहे, आणि जीव त्यातच राहत असतात. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा मालदीवमधली कितीतरी प्रवाळं पांढरी पडून मेली, २०१६ मध्ये पुन्हा तेच झालं. त्यानंतर जे कसंबसं उगवून आलं त्यातलंच हे असणार. कुणी बघितलं नाही. मीही कुणाला बोलले नाही, आज इथंच पहिल्यांदा लिहिते आहे.

डायव्हिंग सुनेनं केलं, मी काठावरून बघितलं. शिक्षकाचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता : बुडायचं नाही, वरही यायचं नाही, श्वासावर अधांतरी राहायचं, हात अंगाशी. तिन्हींत सगळ्यात महाग तेच, आणि नीट शिकवलं तर सगळ्यात निरुपद्रवीही तेच.

आता मासेमारी. "आजी, मी फक्त बघतो," नातू म्हणाला. मुलगा गप्प. सून माझ्याकडं बघत होती. घरातला शेवटचा शब्द माझा असतो असं तिला उगीच वाटतं. "जाऊ दे की, पोरगं आहे," असं मीच म्हटलं आणि मीही होडीत बसले. माझं जेवण सूर्यास्ताआधी, तिकडं सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो आणि जेवणघर सातला उघडतं. पण स्वयंपाकघरानं कुरकुर न करता पाचलाच डाळ-भात वाढला. समीक्षकानं चांगलंही नोंदवायला हवं.

काठी नाही, काही नाही. प्लास्टिकच्या रिळावर गुंडाळलेली नायलॉनची दोरी, टोकाला शिसं आणि गळ, गळाला ट्यूनाचा तुकडा. तळाला लागेपर्यंत सोडायची आणि बोटावर धक्का बसायची वाट बघायची. फक्त बघणाऱ्याच्या हातात दोरी कधी आली ते मला कळलंच नाही. दहा मिनिटांत त्याला धक्का बसला. नावाड्यानं मदत केली, मासा वर आला. लाल, मोठ्या डोळ्यांचा. "आजी, सकाळचाच!" तो ओरडला, आणि मुलानं फोटो काढला. शेजारच्या बाईंचा मासा जास्त खोलातून आला होता, त्याचं पोट तोंडातून बाहेर आलेलं. खालचा दाब एकदम सुटला की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, त्यानं तसं होतं. त्या बाई तोंड फिरवून हसत होत्या. काय करावं कळत नसलं की माणूस हसतं, तसं.

परतताना नावाडी प्रत्येकाला खोलीचा नंबर विचारत होता, म्हणजे कुणाचा मासा कुणाच्या ताटात ते ठरेल. आमच्यापाशी आला तेव्हा मुलगा म्हणाला, आम्ही खात नाही. नावाड्याची हिंदी सिनेमे बघून शिकलेली हिंदी. "फिर पकडा क्यों?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

मग तो वडिलांबद्दल बोलला. ते ट्यूनाच्या होडीवर. मालदीवची ती जुनी पद्धत : जिवंत बारीक मासे पाण्यात उधळायचे, वर पाण्याचे फवारे मारायचे, ट्यूनाचा थवा वर आला की काठीनं एकेक मासा उपसून डेकवर टाकायचा. जाळं नाही. या देशात पहिलं रिसॉर्ट १९७२ साली उघडलं, त्याआधी पोट समुद्रावरच होतं. आता एका बेटावर एकच रिसॉर्ट, कोळ्यांची वस्ती दुसऱ्या बेटावर. पाहुण्याला मासेमारीचं काम कुठंच दिसत नाही, खेळ तेवढा दिसतो.

आपण बस्तीत लहानपणापासून अनर्थदंड हा शब्द ऐकतो. काही कारण नसताना पान तोडणं, पाणी सांडणं, अशी उदाहरणं असतात, आणि ऐकताना वाटतं, एवढंसं काय त्यात. त्या होडीत तो शब्द मला पहिल्यांदा नीट कळला. नावाड्याच्या वडिलांचा धंदाही आपली शास्त्रं पास करणार नाहीत, ते मला माहीत आहे. पण त्यांच्या माशामागं पोट आहे. होडीतल्या बाकी पाहुण्यांच्या माशामागं निदान ताट होतं. एकट्या आमच्या माशाला खाणारा कुणी नव्हता. सगळ्या होडीत निव्वळ करमणुकीसाठी मेलेला मासा जैनांचा होता, आणि त्याचे पैसे माझ्या पर्समधून गेले होते.

घरी आल्यावर नातवाला समुद्राचा सिनेमा बघायचा होता, म्हणून आम्ही १९५६ सालचा 'द सायलेंट वर्ल्ड' लावला. झाक-इव्ह कुस्तो आणि लुई माल यांचा. कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक आणि ऑस्कर दोन्ही मिळालेला. पाठीवर हवेची टाकी बांधून माणूस पाण्याखाली मोकळा हिंडतो ती सोय १९४३ साली केली तीच या कुस्तो आणि गान्यां या दोघांनी, म्हणजे सुनेचं डायव्हिंगही त्यांच्याच कृपेनं. चित्रण अजून थक्क करतं. पण त्यात ते मासे मोजायला म्हणून प्रवाळावर सुरुंग उडवतात. त्यांच्या जहाजाचा पंखा देवमाशाच्या पिल्लाला लागतो, मरत्या पिल्लावर शार्क येतात, आणि खलाशी त्या शार्कना डेकवर ओढून राग काढतात. त्याच सिनेमात एका मोठ्या माशाशी यांची दोस्ती जमते, हातून खातो, मागं मागं येतो, लुडबुड फार करतो म्हणून त्याला काही वेळ पिंजऱ्यात ठेवतात. नातू उठून पाणी प्यायला गेला तो बराच वेळ आला नाही.

कलाकृती म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघते तेव्हा, मला त्या क्रूर सिनेमाबद्दल कार्डापेक्षा जास्त आदर वाटतो. सिनेमा आपलं रक्त लपवत नाही. प्रेम आणि मार दोन्ही एकाच दीड तासात दाखवतो, म्हणून बघणाऱ्याला काहीतरी ठरवावं लागतं. पुढं समुद्र वाचवा म्हणून जगभर हिंडला तो हाच कुस्तो. कार्ड काहीच ठरवू देत नाही. भेटा, शिका, पकडा, सगळं एकाच गोड आवाजात. मला त्यात एकच बदल हवा आहे : नऊच्या आणि साडेपाचच्या ओळींत माशांची नावं छापावीत. तीच तीच नावं दोनदा वाचून मग ज्याला जायचं त्यानं जावं.

फोटो अजून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. धुळ्याच्या नणंदबाईंनी खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलंय, म्हणजे काय ते मी विचारलं नाही. गेल्या आठवड्यात एका लग्नाला निघताना मी सासूबाईंची पोवळ्याची माळ घातली. नातू बराच वेळ बघत होता.

"आजी, हे पण तिथलंच काय?"

"नाही रे, हे भूमध्य समुद्रातलं. पूर्वी गोव्याच्या बंदरात उतरायचं."

"पण पोवळं म्हणजे प्रवाळच की."

"होय," म्हटलं. गाडी दारात आली होती. माळ गळ्यातच होती.