एक वाक्य, चार वायरी आणि हरवलेली पॅकेट्स

‘इथरनेट मॉड्यूल मायक्रोकंट्रोलरला एसपीआयने जोडले.’ प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे वाक्य तुम्हीही लिहिलं असेल. मीही लिहिलंय. पिनांचं टेबल, ब्रेडबोर्डचा फोटो, पिंगचा स्क्रीनशॉट, की प्रकरण संपलं. पीएचडीत मात्र या वाक्यावर माझा आक्षेप आहे, कारण तुमचा सगळा डेटा त्याच चार वायरींतून येणार असतो.

ईएनसी२८जे६० घ्या. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड, आणि स्वस्तातला म्हणून हाच बोर्ड हातात. नेटवरच्या अनेक आकृत्यांत त्याला आर्डुइनो ऊनोच्या ३.३ व्होल्ट पिनवरून पॉवर दिलेली असते. त्या पिनची मर्यादा ५० मिलीअँपिअर. चिपच्या डेटाशीटप्रमाणे ट्रान्समिट करताना १८० पर्यंत लागतात. कधीकधी चालून जातं, म्हणूनच आकृती टिकून आहे.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. ही चिप १० एमबीपीएसची आहे आणि ऑटो-निगोशिएशन करत नाही. त्यामुळे समोरचा स्विच तिला हाफ-डुप्लेक्स समजतो. तुम्ही कोडमध्ये फुल-डुप्लेक्स केलंत तर? पिंग छान येतं, लोड वाढला की पॅकेट्स गळतात. म्हणजे पिंगचा स्क्रीनशॉट हा पुरावाच नव्हे.

मग डब्ल्यू५५०० घ्यावा का? त्यात टीसीपी चिपमध्येच आहे, आठ सॉकेट्स, ३२ केबी बफर. सेन्सरचं रीडिंग नुसतं पोचवायचं असेल तर बिनधास्त घ्या. पण तुमचा प्रश्न प्रोटोकॉलच्या वागण्याबद्दल असेल, तर चिपमधल्या टीसीपीच्या आत तुम्हाला डोकावता येत नाही. ईएनसीत सगळं तुमच्या कोडमध्ये दिसतं, फक्त ऊनोची रॅम २ केबी आणि एक पूर्ण फ्रेम १५१८ बाइट्सची! निवड का केली, हे रिपोर्टमध्ये कुणीच लिहीत नाही.

आता माझी फजिती. पवईजवळच्या आमच्या लॅबमध्ये एकाच स्विचवर दोन बोर्ड होते. दोन्ही सुरू केले की पॅकेट लॉस. तीन आठवडे मी त्याला ‘कंजेशन’ म्हणत होते, गाईडना ग्राफही दाखवला. या चिपला कारखान्यातून मॅक पत्ता मिळत नाही, तो कोडमधून द्यावा लागतो. मी दोन्हीकडे उदाहरणातलाच कॉपी केला होता (तोच, इंग्रजीत ‘डेड बीफ फीड’ वाचता येणारा). स्विच बिचारा गोंधळायचा, एकाची पॅकेट्स दुसऱ्याकडे जायची.

एका बोर्डाचा एक बाइट बदलला आणि लॉस जवळजवळ शून्य झाला. सिनॉप्सिसमधलं ते पान मागे घ्यावं लागलं.