हानाबी: स्वतःचेच पत्ते न दिसणारा डाव

आंत्वान बोझाच्या 'हानाबी'ला 2013 मध्ये जर्मनीचा 'श्पील डेस यारेस' मिळाला. मेंढीकोटवर वाढलेल्या आमच्या घराला मात्र तो उफराटाच वाटला. माझ्या हातातले पत्ते मी सोडून सगळ्यांना दिसतात! सुरुवातीला इशारे आठ, तेही फक्त रंगाचे किंवा आकड्याचे. पत्ता टाकून दिला की खर्च झालेला एक परत. प्रत्येक रंगाची पंजी एकच. ती गेली की 25 गुण विसरा.

मी नेमकी तीच टाकत होतो. आईच्या भुवया वर गेल्या, मी थांबलो. नियमाने ही लबाडीच. माझ्या मते खेळ इथेच कच्चा आहे: घरच्यांनी एकमेकांचे चेहरे वाचू नयेत, ही अपेक्षाच भाबडी.

बाबा मात्र पक्के. तिसरी चूक झाली, डाव बुडाला, तरी चेहरा ढिम्म.