शांततेच्या पाठीवरची नावे

दलित साहित्य म्हणजे केवळ आक्रोश, अशी तक्रार प्रस्थापित समीक्षक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. कलेला संयम लागतो, तटस्थता लागते आणि ती आमच्यापाशी नाही, असा तिचा अर्थ. म्हणूनच जिचे सारे भांडवल शांतता हेच आहे, अशा एका कलाकृतीकडे मी मुद्दाम वळतो आहे.

अमेरिकन कलावंत बिल व्हायोला (१९५१-२०२४) १९८० साली जपानला गेला. तेथे दायेन तानाका या झेन गुरूंकडे तो शिकला आणि १९८१ साली त्याने ‘हात्सु-युमे’ ही ५६ मिनिटांची व्हिडिओ-कृती केली. नावाचा अर्थ नववर्षाचे पहिले स्वप्न. तीत कथा नाही, निवेदन नाही. खडक आहे, पाणी आहे, शहरातले रात्रीचे दिवे आहेत, अंधाऱ्या समुद्रात प्रखर दिवे लावून म्हाकूळ पकडणाऱ्या होड्या आहेत. सगळे रोजचेच, पण कॅमेरा घाई करीत नाही. दोन गोष्टींमधल्या रिकाम्या जागेला जपानी लोक ‘मा’ म्हणतात. ती जागा येथे दृश्यांइतकीच बोलते.

कुरकुंभला घरी बसून मी ही कृती पाहिली. होड्यांचे दिवे आले आणि मला आमच्या औद्योगिक वसाहतीचे दिवे आठवले. लहानपणी अंगणातून ते चांदण्यांसारखे दिसत. त्याच दिव्यांखाली माझे वडील एका कारखान्यात कंत्राटी रात्रपाळी करीत. सकाळी घरी येत तेव्हा त्यांचे डोळे लाल झालेले असत आणि आई त्यांचे कपडे वेगळे धुवी. आम्हां पोरांना जे चांदणे वाटे, ते वडिलांचे काम होते.

व्हायोलाला हे कळते का? अर्धे कळते. प्रकाश जगवतो तसा मारतोही, दिव्याकडे ओढला गेलेला जीव मरतो, हे तो फार खोलवर दाखवतो. परंतु होडीवर राबणारा माणूस किती मजुरीवर राबतो, हा प्रश्न त्याच्या चौकटीत शिरत नाही. तेथे माणूसही खडकासारखा निसर्गाचाच एक भाग होऊन जातो.

हा दोष एकट्या व्हायोलाचा नव्हे. जपानी शांततेकडे जग असेच पाहत आले आहे. क्योतोच्या र्योआनजी मंदिरातली दगडांची बाग प्रसिद्ध आहे. पांढऱ्या खडीवर १५ दगड, बस्स. त्यांतल्या एका दगडाच्या पाठीवर दोन नावे कोरलेली आहेत; एक आहे ‘कोतारो’. ही नावे ‘कावारामोनो’ मजुरांची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. कावारामोनो म्हणजे नदीकाठी राहणारे, मेलेली जनावरे सोलणारे, विटाळाचे मानलेले लोक. १५ व्या शतकात शोगुन आशिकागा योशिमासाच्या पदरी नावाजलेला बाग-रचनाकार झेनआमी हा त्यांच्यातलाच. जपानच्या अशा बहिष्कृतांनी १९२२ साली क्योतोमध्ये ‘सुइहेइशा’ ही संघटना उभारली. पाच वर्षांनी आपण महाडच्या तळ्यावर गेलो.

तेव्हा शांतता आम्हाला परकी आहे, हे कुणी सांगावे? आपला ‘ध्यान’ हा शब्दच चीनमध्ये ‘चान’ आणि जपानात ‘झेन’ झाला. मात्र ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी एक प्रश्न विचारून ठेवला आहे: बुद्धाला भिक्खू घडवायचा होता तो केवळ एक परिपूर्ण माणूस म्हणून, की लोकांचा सेवक म्हणून? ध्यानमग्न कलेलाही हाच प्रश्न विचारला पाहिजे.

मराठीत त्याच्या उत्तराची एक वाट दिसते ती चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात. ही व्हिडिओ-कला नव्हे. पण याचाही कॅमेरा दूर उभा राहून स्थिर पाहतो. शाहीर नारायण कांबळेवरचा खटला तारखेमागून तारीख लांबतो. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली. २०२१ साली कोरोनाने त्यांना नेले. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. झुरळ बाहेर आले की आत हवा आहे असे समजून नवरा खाली उतरायचा, असे ती सांगते. कॅमेरा पुढे सरकून तिचे अश्रू शोधीत नाही. नंतर ती वकिलाकडे काम मागते. शेवटी सुट्टी लागते, कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवतात आणि पडद्यावर बराच वेळ अंधार राहतो. ही रिकामी जागाच आहे. पण त्या रिकामेपणात कुणाचे दिवस जात आहेत, हे आपल्याला ठाऊक असते.

दोन्ही कृतींतले भाग मी विद्यार्थ्यांना दाखवले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, पहिल्यात आपण आपल्या मनानं थांबतो. दुसऱ्यात त्यांना थांबवून ठेवलंय.” तहसील कचेरीच्या दारात दिवसदिवस बसलेल्या आईबापांची ही मुले. थांबून पाहणे त्यांना कुणी शिकवायला नको.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आमच्या मुलांनी वसाहतीचे दिवे जरूर टिपावेत, घाई न करता, आरडाओरड न करता टिपावेत. पण दगडाच्या पुढच्या बाजूवरच समाधान मानू नये. मागे जाऊन पाठीवरची नावे वाचावीत, आणि जिथे नाव कोरायचे राहून गेले असेल तिथे ते कोरावे.